वस्तूचे गाव

गेल्या हिवाळ्यात आम्ही तिवस्याच्या आमच्या शाळेतील नववी-दहावीची बेचाळीस मुले-मुली घेऊन मुंबईला गेलो. मुलांच्या दृष्टीने सहलीत खरी आकर्षणे दोनच होती, समुद्र आणि लोकल गाडी. म्युझियम आमच्या आग्रहाखातर यादीत घातलेले. पालकसभेत एका पालकांनी विचारलेही, "मूर्त्याच पाहाच्या तं मुंबईले कायले जा लागते, सर?" तेव्हा आम्हाला चटकन उत्तर सुचले नाही. पुढे सहलीतच या प्रश्नाचा निम्मा भाग मुलांनी नव्याने उभा केला. हा लेख त्याविषयी आहे.

तिवस्याहून एस.टी.ने अमरावती, तेथून रात्रीची मुंबईची गाडी. सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरून, तोंडे धुऊन, पोहे खाऊन आम्ही फोर्टातून चालतच काळा घोड्याकडे निघालो. लांबूनच तो मोठा पांढरा घुमट दिसतो. विजापूरचा गोल घुमट ज्यांनी चित्रात पाहिला होता त्यांना तो ओळखीचा वाटला, आणि ते बरोबरच होते. इमारतीचे वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांनी तो नमुना डोळ्यांपुढे ठेवला होता.

या इमारतीचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण पुढच्या गोष्टीला त्याची गरज आहे. इंग्लंडचा युवराज (पुढे पंचम जॉर्ज) १९०५ साली मुंबईस येणार होता. त्याच्या भेटीचे स्मारक म्हणून शहरातील प्रतिष्ठितांनी संग्रहालय बांधायचे ठरवले. ११ नोव्हेंबर १९०५ रोजी युवराजाच्याच हस्ते कोनशिला बसली. १९०९ मध्ये विटेट यांची निवड झाली, १९१४ पर्यंत इमारत उभी राहिली आणि तेवढ्यात पहिले महायुद्ध सुरू झाले. नव्या कोऱ्या दालनांत मूर्तींऐवजी जखमी सैनिकांच्या खाटा लागल्या. इमारत लष्करी इस्पितळ बनली. संग्रहालय म्हणून तिचे दार उघडले ते १० जानेवारी १९२२ रोजी. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम हे नाव १९९८ मध्ये बदलून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय असे झाले. मुंबईकर मात्र अजून नुसते 'म्युझियम' म्हणतात. कंडक्टरला तेवढे पुरते.

आता आमच्या कामाविषयी. मुले संग्रहालयात नेणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला एक अनुभव येतो. पहिल्या दालनात मुले प्रत्येक वस्तूपुढे थांबतात, दुसऱ्यात चालता चालता पाहतात, आणि तिसऱ्यात पाण्याचा नळ कुठे आहे ते विचारतात. यावर उपाय म्हणून आम्ही वहीत एक तक्ता आखून आणायला सांगितला होता. वस्तूचे नाव, कशाची बनवली, कोणत्या काळातली आणि कोठे सापडली, असे चार रकाने. प्रत्येकाने दहाच वस्तू निवडायच्या, पण आपल्या मनाने. नुसत्या 'माहिती लिहून घ्या' म्हटल्यावर मुले काचेला नाक लावून पाट्या उतरवतात आणि वस्तूकडे बघतही नाहीत. म्हणून पाचवा रकानाही ठेवला होता, 'मला यात काय दिसले?' खरे तर त्यातूनच काही निघेल अशी आमची अपेक्षा होती. काम केले ते मात्र चौथ्या रकान्याने.

झाले असे. एका मुलाने भाजक्या मातीचा एक उभा पुरुष निवडला होता. त्याच्या हातात कमळ आहे, केसांच्या बटा नीट पाडलेल्या आहेत, अंगावर जुन्या रंगाच्या खुणा अजून दिसतात. त्याच दालनात त्याच ठिकाणच्या मातीच्या बुद्धमूर्तीही आहेत. चौथ्या रकान्यात त्याने लिहिले, 'मीरपूर खास'. मग तो नकाशाचे पुस्तक घेऊन आमच्याकडे आला. त्याला महाराष्ट्रात हे गाव सापडत नव्हते. भारतातही नव्हते. सिंधमध्ये, म्हणजे आजच्या पाकिस्तानात, ते त्याला दाखवल्यावर त्याने सहज विचारले, "सर, पाकिस्तानातलं इथी हाय. मंग आपल्या कौंडण्यपूरचं इथी काहीच काहून नाही?"

कौंडिण्यपूर आमच्याच तालुक्यात, वर्धा नदीच्या काठी आहे. विदर्भाची पुराणप्रसिद्ध राजधानी आणि रुक्मिणीचे माहेर म्हणून ते सर्वांना ठाऊक असते, आषाढीला तेथून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते. पण ते नुसते पुराणातले गाव नाही. १९६०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी तेथील टेकाडाचे उत्खनन केले आणि त्याचा अहवाल १९६८ साली महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केला. इसवी सनापूर्वीच्या वस्तीपासून पुढे सातवाहनांच्या काळापर्यंतचे थर तेथे आहेत. म्हणजे मुलाच्या प्रश्नात काहीच चूक नव्हती. त्या दिवशी आम्ही जी दालने पाहिली त्यांत वऱ्हाडातील एकाही गावाचे नाव बेचाळीस वह्यांपैकी एकीतही उतरले नाही.

याचे उत्तर मूर्तिकलेच्या पुस्तकात मिळत नाही, ते राज्यकारभाराच्या जुन्या नकाशात मिळते. मीरपूर खास येथील काहू-जो-दडो नावाच्या टेकाडात एक विटांचा बौद्ध स्तूप होता. १९०९-१० मध्ये हेन्री कझिन्स यांनी तो खणला. कझिन्स हे पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम मंडळाचे प्रमुख, त्यांचे कार्यालय पुण्यात. त्या काळी सिंध हा मुंबई इलाख्याचा भाग होता, तो १९३६ साली वेगळा झाला. मुंबईत नवे संग्रहालय उभे राहत होते आणि इलाख्यातला माल इलाख्याच्या राजधानीत येणे ओघानेच होते. पुढे १९४७ मध्ये सीमा आखली गेली, तेव्हा कमळवाला पुरुष सीमेच्या अलीकडे राहिला आणि त्याचा स्तूप पलीकडे.

वऱ्हाडाची गोष्ट निराळी. वऱ्हाड निजामाचा मुलूख. १८५३च्या तहाने त्याचा कारभार इंग्रजांकडे आला, १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला. मुंबई राज्यात आपण आलो ते थेट १९५६ साली. म्हणजे मुंबईच्या म्युझियमची दालने भरत होती त्या काळात आमची राजधानी नागपूर होती, आणि आमच्या शेतांत जे काही सापडे ते नागपूरचा रस्ता धरी. गंमत अशी की याच कझिन्स यांनी १८९७ साली मध्य प्रांत आणि वऱ्हाड येथील प्राचीन अवशेषांची यादी प्रसिद्ध केली होती. अधिकारी एकच, पण मीरपूर खासची माती मुंबईला गेली आणि वऱ्हाडातले धातू नागपूरला गेले. कलेच्या दृष्टीने याला काही अर्थ नाही. तहसील, जिल्हा, इलाखा या उतरंडीच्या दृष्टीने पूर्ण अर्थ आहे.

नागपूरच्या संग्रहालयाला आपल्याकडे 'अजब बंगला' म्हणतात. नाव लोकांनी दिलेले. कलकत्त्याच्या संग्रहालयाला लोक जादूघर म्हणत आले, लाहोरच्याला अजायबघर. साहेबाने ज्ञानासाठी काढले आणि लोकांनी त्याला नवल ठरवले, असे म्हणून त्या काळचे काही अधिकारी नाराज असत. आम्हाला लोकांचे नाव अधिक आवडते. हे संग्रहालय १८६३ सालचे, म्हणजे मुंबईच्या म्युझियमपेक्षा जवळपास साठ वर्षांनी वडील. विज्ञानाच्या शिक्षकांना या सालाशी जोडलेले एक नाव माहीत असायला हवे. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी नागपुरात शिकवत आणि उरलेल्या वेळात विदर्भातले खडक, जीवाश्म आणि जुनी स्मारके यांचा अभ्यास करत. टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळे पाहायला ते गेले होते, परतताना पूर आलेल्या नाल्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला. तो महिना सप्टेंबर १८६३. संग्रहालय निघाले त्याच वर्षी.

वस्तू संग्रहालयात येतात कशा, हे मुलांना सांगायला अजब बंगल्याशी निगडित एक गोष्ट फार उपयोगी आहे. १८७० साली बालाघाट जिल्ह्यातील गुंगेरिया येथे गुरे चारणाऱ्या दोन पोरांना जमिनीतून वर आलेला धातूचा तुकडा दिसला. त्यांनी तो ओढला. खाली आणखी होते. शेवटी निघाली ४२४ तांब्याची हत्यारे आणि १०२ चांदीचे पातळ तुकडे. चपट्या कुऱ्हाडी, लांब पहारीसारखी अवजारे. आज त्यांना ताम्रनिधी म्हणतात आणि त्यांचा काळ इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात धरतात. या साठ्याची पुढे वाटणी झाली, काही नागपूरला राहिले, काही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेले. त्या दोन पोरांची नावे कोणत्याही पाटीवर नाहीत.

गुंगेरियानंतर आठ वर्षांनी, १८७८ साली, सरकारने गुप्तधनाचा कायदा केला. तो शिक्षकांनी एकदा तरी वाचावा, भाषा सोपी आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर सापडणाऱ्याने कलेक्टरला लेखी कळवले पाहिजे. काय सापडले, कोठे आणि कोणत्या दिवशी, हे तीन तपशील त्यात हवेत. त्या धनाचा कोणी मालक निघाला नाही आणि दुसरा करार नसेल तर तीन चतुर्थांश हिस्सा सापडणाऱ्याचा, एक चतुर्थांश जमीनमालकाचा. सरकारला वस्तू स्वतःकडे ठेवायची असेल तर धातूची किंमत आणि त्यावर एक पंचमांश इतकी रक्कम द्यायची. म्हणजे धातू हजार रुपयांचा असेल तर बाराशे. वर्गात हे गणित घातले तेव्हा एका मुलीने लगेच हरकत घेतली, "पण मूर्ती असली तं? तिची किंमत तांब्याच्या भावानं कशी?" कायद्याने जमेस धरले आहे ते द्रव्य, घडण नव्हे. खेड्यापाड्यातून सापडलेल्या कितीतरी गोष्टी गुपचूप सोनाराच्या मुशीत का गेल्या असतील, याचे एक कारण या हिशेबात शोधता येईल असे आम्हाला वाटते.

पण कायद्यातल्या त्या तीन तपशिलांतला मधला, 'कोठे', हाच आमच्या चौथ्या रकान्याचा विषय. त्याचे मोल किती, हे आमच्याच जिल्ह्यातल्या एका उदाहरणाने दाखवता येते. अचलपूरजवळ चम्मक नावाचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात तेथे शेत नांगरताना ताम्रपट सापडला. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याने, म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकात, आपल्या राज्याच्या अठराव्या वर्षी भोजकट राज्यातील, मधुनदीच्या काठचे 'चर्मांक' हे गाव एक हजार ब्राह्मणांना दान दिल्याचे त्यात कोरले आहे. दान देताना राजाने अटीही घातल्या. राज्याशी द्रोह करायचा नाही, चोरी-व्यभिचार करायचा नाही, लढाया करायच्या नाहीत, दुसऱ्या गावांना उपद्रव द्यायचा नाही, तरच हे दान. (हजार माणसांना एक गाव देताना राजाला थोडी धास्ती वाटली असावी.)

आता हा पत्रा चम्मकच्या शेतात सापडला हे ठाऊक आहे म्हणूनच चर्मांक म्हणजे चम्मक हे ठामपणे म्हणता आले. दीड हजार वर्षे एका गावाने आपले नाव टिकवले हे कळले. भोजकटाचे राज्य कोठे होते याला आधार मिळाला, ते नाव आज भातकुलीत शिल्लक आहे असे अभ्यासक मानतात. समजा हाच पत्रा एखाद्या बाजारात, 'कोठून आला ते माहीत नाही' अशा अवस्थेत मिळाला असता. अक्षरे तीच राहिली असती, तांब्याचे वजन तेच राहिले असते, अटीही वाचता आल्या असत्या. पण चर्मांक नकाशावर कुठे टेकवायचे याविषयी विद्वानांचे वाद चालले असते.

मुंबईच्या दालनांकडे परत जाऊ. चौथा रकाना सगळीकडे सारखा भरत नाही, हेही मुलांच्या ध्यानात आले. वरच्या मजल्यावरची लघुचित्रे, जेडची भांडी, युरोपातली तैलचित्रे यांपुढे मुले अडली. कारण या वस्तू उत्खननातून आलेल्या नाहीत, त्या माणसांकडून आलेल्या आहेत. शेठ पुरुषोत्तम मावजी यांचा संग्रह संस्थेने १९१५ मध्ये विकत घेतला. सर रतन टाटा यांचा संग्रह त्यांच्या मृत्यूनंतर आला, सर दोराबजी टाटा यांचा १९३३ मध्ये. अशा वस्तूंना 'सापडले कोठे' विचारले तर उत्तर येते, कोणाच्या तरी घरात. मुलांनी मग स्वतःच रकान्याचे नाव बदलून 'कोठून किंवा कोणाकडून आले' असे केले. आम्हाला ही दुरुस्ती घरून निघताना सुचायला हवी होती.

एका वहीत एक वेगळीच नोंद होती. तळमजल्यावर सहा-सात प्रचंड शिवमूर्ती एकमेकींवर चढलेल्या दिसतात, ते परळचे शिल्प. मुलीने लिहिले होते, 'दगड नाही, साचा आहे. खरी मूर्ती परळला देवळाजवळ आहे. तिथे पूजा होते.' तिने पाटी नीट वाचली होती. म्हणजे वस्तू आपल्या गावीच ठेवायची आणि संग्रहालयात तिची प्रतिकृती आणायची, हाही एक मार्ग आहे. मुले त्यावर बराच वेळ भांडली. काहींचे म्हणणे, खोटे पाहायला एवढे लांब कशाला यायचे. इतरांचे म्हणणे, देव उचलून आणायचा का मग? आम्ही मध्ये पडलो नाही. जेवणाची वेळ झाली म्हणून भांडण थांबले.

आता आमच्या स्वतःच्या एका चुकीबद्दल लिहिणे भाग आहे, कारण कौंडिण्यपूरचा प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाला आम्ही हे सगळे सांगितले तरी एक गोष्ट आम्ही त्या दिवशी सांगितली नव्हती. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत, कपाटाच्या सर्वात खालच्या खणात, बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा आहे. पाऊस पडून गेला की नदीकाठच्या शेतांत खापरे वर येतात. आतून काळी, बाहेरून तांबडी अशी गुळगुळीत खापरे, कधी मातीचा मणी, कधी शंखाच्या बांगडीचा तुकडा. मुले खिशात घालून आणत आणि आम्ही कौतुकाने ठेवून घेत असू. सुरुवातीला प्रत्येक तुकड्यासोबत कागदाची चिठ्ठी होती. गावाचे नाव, शेत, तारीख. एका उन्हाळ्यात खोलीला चुना लावताना कपाट बाहेर काढले. चिठ्ठ्या वेगळ्या झाल्या आणि खापरे वेगळी. आम्ही ती सगळी एकत्र करून डब्यात भरली आणि झाकण लावले.

आज त्या डब्यात शंभरावर तुकडे आहेत. कोणता कौंडिण्यपूरचा, कोणता दुसऱ्या गावच्या पांढरीतला, कोणता कोणाच्या आजीच्या फुटलेल्या मडक्याचा, हे सांगता येत नाही. एखाद्या अभ्यासकाला दाखवावे म्हटले तर तो पहिला प्रश्न विचारील आणि तेथेच आमची बोलती बंद होईल. ज्या प्रांतभेदामुळे वऱ्हाडच्या वस्तू मुंबईत नाहीत त्याला निदान इतिहास तरी आहे. आमच्या डब्याला निमित्त फक्त चुन्याचे.

सहलीहून परतल्यावर मुलांसमोर तो डबा उघडला आणि जसे घडले तसे सांगितले. मुलांनी फारसे सुनावले नाही, पण नियम मात्र त्यांनीच केले. टेकाडावरून वस्तू उचलून आणायची नाही. दिसली तर जागेवरच ठेवून, शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून फोटो काढायचा, वहीत शेताचे नाव, बांधापासून किती पावले, कोणत्या दिशेला हे लिहायचे. नांगराने वर आलेले काही मोठे असेल, नाणी असतील, मूर्ती असेल, तर घरच्यांना सांगून तलाठ्याकडे आणि तेथून वर कळवायचे. 'बारा आणे घेऊन कोणाला द्यायचे नाही' असे एकाने लिहिले होते. त्याने आयुष्यात बारा आणे पाहिलेले नाहीत, आजोबांचा शब्द असावा. वही प्रयोगशाळेतच लटकवली आहे. आतापर्यंत तिच्यात नऊ नोंदी झाल्या, त्यांतल्या दोन पावलांचा आकडा नसल्यामुळे मुलांनीच परत पाठवल्या.

परतीच्या गाडीतली एक गोष्ट राहिली. पहाटे अकोला गेल्यावर बरीच मुले जागी होती. मूर्तिजापूर येऊ लागले तेव्हा आम्ही त्यांना सांगितले की या तालुक्यात राजनापूर खिनखिनी म्हणून गाव आहे, तेथे जैन धातुमूर्तींचा मोठा साठा जमिनीत सापडला होता आणि त्या मूर्ती नागपूरच्या अजब बंगल्यात गेल्या. मूर्तींचा विषय मुलांना आता पुरेसा झाला होता, बहुतेकांनी चहावाल्याकडे लक्ष वळवले. एक मुलगी मात्र खिडकीजवळून उठून आली. "ते त माह्या मामाच्या गावाजोळ हाय, सर. कोनाच्या वावरात सापडल्या?"

आम्हाला ते सांगता आले नाही. तिने वही काढून चौथ्या रकान्यात गावाचे नाव लिहिले, त्यापुढे 'वावर' असे लिहून जागा मोकळी सोडली, आणि मामाला फोन करते म्हणाली. दिवाळीनंतर नागपूरला जायचे ठरले आहे. एस.टी.चा हिशेब चालू आहे. मामा म्हणतात, म्हाताऱ्या माणसांना विचारून सांगतो.